बॅक्टेरियाचं मेंब्रेन बेंचवर कसं ओळखायचं: ग्रॅम स्टेनपासून टीएलसीपर्यंत

नवी मुंबईच्या रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यातल्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये दर पावसाळ्यात नवीन पोरं जॉइन होतात, बरीचशी ठाण्यातून ट्रान्स हार्बर पकडून येणारी, बीएस्सी-एमएस्सी मायक्रो झालेली. ग्रॅम स्टेन सगळ्यांना येतो. जांभळं म्हणजे पॉझिटिव्ह, गुलाबी म्हणजे निगेटिव्ह, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण तो रंग का आला आणि त्याचा मेंब्रेनशी, म्हणजे पेशीभोवतीच्या लिपिडच्या पातळ पडद्याशी, काय संबंध असं विचारलं की "मॅडम, भिंत पातळ असते ना" इथपर्यंत येऊन गाडी अडते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय, कॉलेजच्या प्रॅक्टिकललाही चालेल आणि नोकरीतही.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. कुठलीही टेस्ट अख्ख्या बॅक्टेरियाला ओळखत नाही, ती त्याच्या आवरणातल्या एखाद्या घटकालाच प्रश्न विचारते. ग्रॅम स्टेन मुख्यतः पेप्टिडोग्लायकनची (भिंतीतल्या साखर-पेप्टाइडच्या जाळ्याची) जाडी विचारतो, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टेस्ट आवरण अल्कलीत टिकतं का ते विचारते, निनहायड्रिन फक्त अमिनो गट असलेलं लिपिड शोधतं. दोन टेस्टचं उत्तर जुळलं नाही तर लगेच "टेस्ट चुकली" म्हणायचं नाही, आधी बघायचं की दोघींनी प्रश्न एकच विचारला होता का.

आधी कागदावर आवरण काढा

स्लाइड हातात घ्यायच्या आधी जर्नलमध्ये तीन चित्रं काढा, खरंच काढा, नुसतं वाचून होत नाही.

पहिलं ग्रॅम पॉझिटिव्हचं. आतून बाहेर: एकच सेल मेंब्रेन, त्यावर पेप्टिडोग्लायकनचा जाड थर, साधारण २० ते ८० नॅनोमीटर, आणि त्यात घुसलेली टायकोइक अॅसिड्स, त्यातली लिपोटायकोइक अॅसिड्स खाली मेंब्रेनच्या लिपिडलाच अडकलेली. बाहेर दुसरं मेंब्रेन नाही.

दुसरं ग्रॅम निगेटिव्हचं. आत इनर मेंब्रेन, मग पेरिप्लाझम, म्हणजे दोन मेंब्रेनमधली जागा, आणि त्यात काही नॅनोमीटरचाच पातळ पेप्टिडोग्लायकन, आणि बाहेर आउटर मेंब्रेन. हे आउटर मेंब्रेन दोन्ही बाजूंनी सारखं नसतं आणि पोरं नेमकं इथेच चुकीचं चित्र काढतात. त्याच्या आतल्या पदरात फॉस्फोलिपिड असतात पण बाहेरच्या पदरात जवळजवळ सगळं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस. एलपीएसचे तीन भाग: मेंब्रेनमध्ये रुतलेलं लिपिड ए, त्यावर कोअर, आणि सगळ्यात बाहेर ओ अँटिजेनची लांब साखरसाखळी, जी प्रत्येक स्ट्रेनमध्ये असेलच असं नाही, लॅबमधल्या के-१२ ई. कोलायमध्ये ती नसते. एलपीएसवर निगेटिव्ह चार्ज भरपूर, त्यामुळे हे रेणू एकमेकांना ढकलायला हवेत, पण मधे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बसून त्यांना बांधून ठेवतात. ईडीटीए (असे आयन पकडून घेणारं रसायन) घातलं की ते आयन निघून जातात आणि आउटर मेंब्रेन ढिलं पडतं. ई. कोलायवर नुसतं लायसोझाइम (पेप्टिडोग्लायकन तोडणारं एन्झाइम) घातलं तर फारसं काही होत नाही पण ईडीटीएबरोबर घातलं की सेल फुटायला लागतात, त्याचं कारण हेच.

तिसरं चित्र मायकोबॅक्टेरियाचं, ते शेवटाकडे बघू.

आता मेंब्रेनमध्ये लिपिड कुठले? ई. कोलायमध्ये फॉस्फोलिपिडपैकी साधारण ७५ टक्के फॉस्फॅटिडिलइथॅनोलामाइन (पुढे नुसतं पीई म्हणते), २० टक्क्यांच्या आसपास फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल म्हणजे पीजी, आणि ५ टक्के कार्डिओलिपिन. स्टॅफ ऑरियसमध्ये पीई नसतंच, तिथे पीजी, कार्डिओलिपिन आणि लायसिल-पीजी असतं, म्हणजे पीजीच्या डोक्यावर लायसिन चिकटवलेलं. ते लायसिन चिकटवणारं एन्झाइम एमपीआरएफ, आणि त्याचा फायदा असा की मेंब्रेनचा निगेटिव्ह चार्ज कमी होतो, मग आपल्या शरीरातली पॉझिटिव्ह चार्जवाली अँटिमायक्रोबियल पेप्टाइड्स तिथे नीट चिकटू शकत नाहीत.

हे वाचून लगेच "पीई म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह" असा नियम वहीत लिहू नका. बॅसिलस सबटिलिस पक्का ग्रॅम पॉझिटिव्ह आहे आणि त्याच्यात पीई चांगलं असतं. व्हायवाला हा प्रश्न मी हमखास विचारते.

पायरी १: कल्चर सारख्या वयाचं घ्या

यात सगळ्यात जास्त घोळ होतात. मेंब्रेन म्हणजे काही कायमचं ठरलेलं सामान नाही, बॅक्टेरिया ते परिस्थितीप्रमाणे बदलत असतो. थंडीत मेंब्रेन घट्ट होऊ नये म्हणून ई. कोलाय अनसॅच्युरेटेड फॅटी अॅसिड वाढवतो, स्टेशनरी फेजमध्ये (वाढ थांबल्यावरच्या अवस्थेत) गेला की त्याच अनसॅच्युरेटेडचं सायक्लोप्रोपेन फॅटी अॅसिड करतो आणि कार्डिओलिपिनही वाढतं. त्यामुळे एक कल्चर ३७ अंशांना आणि दुसरं बाहेर टेबलावर ठेवलेलं, किंवा एक कालचं आणि एक गेल्या आठवड्यातलं फ्रीजमधलं, अशी तुलना करून "यांच्या मेंब्रेनमध्ये फरक दिसला" म्हणाल तर तो फरक जातीचा की वयाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एकच मीडियम, एकच तापमान, १८ ते २४ तासांचं कल्चर. लिपिड काढायचं असेल तर ओडी (कल्चरचा गढूळपणा) मोजून दोन्ही एकाच फेजमध्ये थांबवा. शिकायला ई. कोलाय के-१२ आणि बॅसिलस सबटिलिस ही जोडी बरी, स्टॅफ ऑरियस वापरायचा तर बीएसएल-२ ची (रोगजंतू हाताळण्याच्या सुरक्षा पातळीची) शिस्त पाळून, शिकवणारं कोणीतरी शेजारी उभं असताना.

पायरी २: ग्रॅम स्टेन, पण कुठल्या क्षणी काय होतंय ते बघत

पातळ स्मिअर काढा, हवेत वाळू द्या. ठाण्यात जुलैमध्ये हे "हवेत वाळणं" म्हणजे एक थट्टाच आहे, स्लाइड वीस मिनिटं तशीच ओली, मग कंटाळून पोरं ओल्या स्लाइडखाली बर्नर धरतात, सेल उकडून निघतात आणि आकारच बिघडतो. ३७ च्या इनक्युबेटरमध्ये झाकण उघडं ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये स्लाइड ठेवा, पूर्ण वाळली की मग हीट फिक्स, म्हणजे ज्योतीवरून फिरवून सेल काचेला चिकटवणं.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, धुवा. ग्रॅम्स आयोडीन १ मिनिट, धुवा. इथपर्यंत दोन्ही प्रकारचे सेल जांभळेच, कारण रंग आणि आयोडीनचा मोठा कॉम्प्लेक्स दोघांच्याही आत तयार झालाय. खरा निवाडा अल्कोहोलचा. ९५ टक्के इथेनॉल स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडा आणि खालून येणारं पाणी रंगहीन झालं की त्याच क्षणी थांबून पाण्याने धुवा, साधारण १० ते २० सेकंद, घड्याळापेक्षा थेंबाकडे लक्ष. या वेळात अल्कोहोल ग्रॅम निगेटिव्हचं आउटर मेंब्रेन विरघळवतं, खालच्या पातळ पेप्टिडोग्लायकनला कॉम्प्लेक्स धरून ठेवता येत नाही, रंग निघून जातो. ग्रॅम पॉझिटिव्हचा जाड थर मात्र अल्कोहोलने सुकून आवळतो आणि कॉम्प्लेक्स आत अडकतो. मग सॅफ्रॅनिन (रंग गेलेल्या सेलना गुलाबी करणारा दुसरा रंग) ३० ते ६० सेकंद.

म्हणजे लक्षात घ्या, मेंब्रेनचा यात भाग आहे पण शेवटचा निकाल भिंतीवर लागतो. १८८४ मध्ये हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने बर्लिनमध्ये ही पद्धत काढली ती फुफ्फुसाच्या टिश्यूमध्ये बॅक्टेरिया उठून दिसावेत म्हणून, बॅक्टेरियाचे दोन पक्ष पाडायला नाही, ते पक्ष आपण नंतर पाडले.

जुन्या कल्चरमधला बॅसिलस गुलाबी दिसतो, भिंत खराब झालेली असते. प्रत्येक स्लाइडवर कडेला माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह स्मिअर लावाच, त्याशिवाय अनोळखी स्मिअरचं उत्तर मी तरी मान्य करत नाही.

पायरी ३: केओएच स्ट्रिंग टेस्ट

स्वस्त, एका मिनिटात होणारी, आणि का कोण जाणे कॉलेजात फार कमी करून घेतात. स्लाइडवर ३ टक्के केओएचचा एक थेंब, त्यात प्लेटवरून उचललेली ताजी ग्रोथ, थोडी नाही, भरपूर, लूप भरून. गोल गोल ढवळा आणि दर पाच-दहा सेकंदांनी लूप हळू वर उचलून बघा. ग्रॅम निगेटिव्ह असेल तर ३० सेकंद ते एका मिनिटात मिश्रण घट्ट चिकट होतं आणि लूपबरोबर एकतारी पाकासारखी तार वर येते. ती तार म्हणजे डीएनए. अल्कलीने आउटर मेंब्रेन आणि पातळ भिंत टिकली नाही, सेल फुटले, आतलं बाहेर आलं. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये नुसतं दुधाळ पाणी राहतं.

ब्रॉथमधून केली तर ही टेस्ट फसते, सेल पुरत नाहीत. आणि केओएचची बाटली उघडी राहून जुनी झाली असेल तर ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कमजोर झालेली असते, ताजं करून घ्या.

पायरी ४: काय आत शिरतं त्यावरून ओळखणं

मॅकॉन्की अगारमधलं बाइल सॉल्ट आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्हला वाढू देत नाही, ग्रॅम निगेटिव्ह आतड्यातल्या मंडळींना आउटर मेंब्रेन वाचवतं. काही मॅकॉन्कीत क्रिस्टल व्हायोलेट नसतं, त्यावर स्टॅफ आणि एन्टेरोकॉकसच्या बारीक कॉलनी येतात, तेव्हा डब्यावरचा फॉर्म्युला वाचल्याशिवाय घाबरायचं नाही.

जास्त मजा व्हँकोमायसिन डिस्कमध्ये आहे. व्हँकोमायसिन साधारण १४५० डाल्टनचा मोठा रेणू, आणि आउटर मेंब्रेनमधल्या पोरिनच्या भोकांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचीच पाण्यात विरघळणारी वस्तू आरामात जाते. म्हणून ग्रॅम निगेटिव्हमध्ये तो पेप्टिडोग्लायकनपर्यंत पोचतच नाही, डिस्कभोवती झोन (वाढ नसलेलं वर्तुळ) येत नाही. स्टेनमध्ये गुलाबी दिसणारा बॅसिलस असेल तर व्हँकोमायसिनला मोठा झोन देऊन स्वतःच उघडा पडतो. अपवाद आहेत: ल्युकोनॉस्टॉक आणि पेडिओकॉकस ग्रॅम पॉझिटिव्ह असून जन्मजात रेझिस्टंट आहेत, कारण व्हँकोमायसिन जिथे चिकटतं तो पेप्टाइडचा शेवटचा तुकडाच त्यांच्यात वेगळा असतो. इथे आत शिरण्याचा मुद्दाच नव्हता, प्रश्न वेगळा होता.

उलट बाजूने कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन बी बघा. ही औषधं एलपीएसच्या लिपिड ए ला चिकटून मॅग्नेशियम-कॅल्शियमला हाकलतात, म्हणून ग्रॅम निगेटिव्हवर चालतात. प्रोटियस आणि सेराशिया मात्र ग्रॅम निगेटिव्ह असूनही जुमानत नाहीत, त्यांनी लिपिड ए वर पॉझिटिव्ह चार्जची साखर लावून ठेवलेली असते. आणि डॅप्टोमायसिन, ते कॅल्शियम घेऊन पीजी असलेल्या मेंब्रेनमध्ये घुसतं, फक्त ग्रॅम पॉझिटिव्हवर.

पायरी ५: लिपिड काढून टीएलसी

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, सिलिकाच्या प्लेटवर सॉल्व्हंट चढवून लिपिड वेगवेगळे करणं. इथे प्रत्यक्ष मेंब्रेनचा माल डोळ्यांना दिसतो, म्हणून सावकाश. फ्यूम हूड नसेल तर ही पायरी करू नका, क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल दोन्ही अंगावर घेण्यासारखं काम नाही. आणि सगळं काचेत करायचं, क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधलं काहीबाही ओढून घेतं आणि पॉलिस्टायरीनची ट्यूब तर चक्क विरघळवतं.

पद्धत ब्लाय आणि डायरची, १९५९ ची, अजून चालते. ५० मिली कल्चर सेंट्रिफ्यूज करा, पेलेट सलाइनने एकदा धुवा (नाहीतर मीडियममधलं यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं लिपिडही आपलंच समजून मोजाल). पेलेट ०.८ मिली पाण्यात मोकळा करा, त्यात २ मिली मेथॅनॉल आणि १ मिली क्लोरोफॉर्म, जोरात व्हॉर्टेक्स. या वेळी तीनही एकजीव दिसायला हवेत, दोन थर दिसले तर पाणी जास्त झालंय, थेंब थेंब मेथॅनॉल घालून एकजीव करा. अर्धा तास अधूनमधून हलवत ठेवा. मग १ मिली क्लोरोफॉर्म, हलवा, १ मिली पाणी, हलवा, आणि हळू सेंट्रिफ्यूज. आता थर वेगळे होतात: वर पाणी-मेथॅनॉल, मधे प्रोटीनची पांढरी चकती, खाली क्लोरोफॉर्म आणि त्यात तुमचं लिपिड. पाश्चर पिपेट वरच्या थरातून खाली नेताना हलके बुडबुडे सोडत न्या म्हणजे टोकात वरचं पाणी शिरत नाही, चकती टोचू नका, खालचा थर ओढून घ्या. नायट्रोजनखाली वाळवा, नसेल तर हूडमध्येच ४० अंशांच्या वॉटर बाथवर. ५० ते १०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्ममध्ये परत घ्या.

सिलिका प्लेट वापरायच्या लगेच आधी १०० ते ११० अंशांना अर्धा तास तापवा. पावसाळ्यात खाडीकाठच्या लॅबमध्ये प्लेट दमट होते, स्पॉट पसरतात आणि आज जे आलं ते उद्या जुळत नाही, हा त्रास मुंबईच्या बाहेरून आलेल्यांना पहिल्यांदा कळतच नाही. सॉल्व्हंट क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल, पाणी ६५:२५:४, टँकमध्ये फिल्टर पेपर लावून वाफ भरू द्या, मग प्लेट.

पीई, पीजी, कार्डिओलिपिनचे स्टँडर्ड शेजारच्या लेनमध्ये लावा. आरएफ (सॉल्व्हंटच्या तुलनेत स्पॉट किती वर चढला तो आकडा) पाठ करून स्पॉट ओळखायचा उद्योग करू नका, सॉल्व्हंट जरा बदलला की क्रम हलतो.

प्लेट वाळली की आधी आयोडीनची वाफ, सगळी लिपिड पिवळी-तपकिरी दिसतात, पेन्सिलने गोल करून घ्या कारण थोड्या वेळात रंग उडतो. आयोडीन पूर्ण उडालं की निनहायड्रिन फवारून ओव्हनमध्ये काही मिनिटं गरम करा. ई. कोलायच्या लेनमध्ये पीईचा ठसठशीत जांभळा-गुलाबी डाग येईल, बॅसिलसमध्येही पीईचा येईल, स्टॅफमध्ये पीईच्या जागी काही नाही पण बराच खाली लायसिल-पीजीचा डाग येऊ शकतो. त्यालाही अमिनो गट आहे, तो पीई समजून ढकलून देणारे दरवर्षी दोन-तीन जण निघतातच. पीजी आणि कार्डिओलिपिनला निनहायड्रिन ओळखत नाही, त्यासाठी फॉस्फेटचा मॉलिब्डेनम ब्लू स्प्रे.

आणि हे नीट वाचा: या प्लेटवर एलपीएस दिसणार नाही. त्याला एवढी साखर चिकटलेली असते की ते क्लोरोफॉर्ममध्ये नीट येत नाही, वर किंवा मधल्या चकतीतच राहतं. म्हणजे ग्रॅम निगेटिव्हची जी सगळ्यात मोठी ओळख, तीच टीएलसीवर गायब. एलपीएस हवं तर गरम फिनॉल-पाण्याने वेगळं काढून जेलवर सिल्व्हर स्टेन करावं लागतं.

फॅटी अॅसिड बाहेरून करून आणलं तर

गॅस क्रोमॅटोग्राफीचा रिपोर्ट आला की दोन ठिकाणी बघा. आयसो आणि अँटिआयसो १५ कार्बनी, म्हणजे फांदीवाली फॅटी अॅसिड्स भरपूर असतील तर बॅसिलस, स्टॅफ अशा ग्रॅम पॉझिटिव्हकडे कल. ३-हायड्रॉक्सी फॅटी अॅसिड, ई. कोलायमध्ये १४ कार्बनचं, दिसलं तर ते बहुतेक लिपिड ए मधून आलंय. टीएलसीवर न दिसलेलं एलपीएस इथे मागच्या दाराने सापडतं, कारण या पद्धतीत अख्खे सेलच अल्कलीत उकळतात.

एमएस्सीच्या डिझर्टेशनला ठाणे खाडीचा गाळ घेणारे खूप असतात (अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते, आधी काढा). त्या गाळात मिथेन तयार करणारे आर्किया (बॅक्टेरियापेक्षा वेगळ्या गटाचे सूक्ष्मजीव) असतात आणि त्यांच्या मेंब्रेनमध्ये फॅटी अॅसिड एस्टरने जोडलेलं नसतंच, आयसोप्रीनच्या साखळ्या इथर बाँडने जोडलेल्या असतात. अल्कलीने इथर तुटत नाही, म्हणून या रिपोर्टमध्ये आर्किया कोरे दिसतात. गाळात ते नाहीत असा निष्कर्ष काढायचा नाही.

दोन पक्षांत न बसणारे

मायकोबॅक्टेरिया कागदावर ग्रॅम पॉझिटिव्हच्या घरातले, पण त्यांच्या भिंतीला ६० ते ९० कार्बनची मायकॉलिक अॅसिड्स जोडलेली आणि त्यांचंच बाहेर एक वेगळं मेंब्रेन तयार झालेलं. ग्रॅम स्टेनचा रंग आत नीट जातच नाही. म्हणून झील-नील्सन: कार्बोल फुक्सिन गरम करून आत ढकलायचं, मग अॅसिडने धुतलं तरी ते बाहेर येत नाही. टीबीचं सॅम्पल कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळायचं नाही, तयार फिक्स केलेली स्लाइड बघा.

मायकोप्लाझ्माला भिंतच नाही. त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी, आणि मेंब्रेन मजबूत ठेवायला तो यजमानाकडून किंवा सिरममधून कोलेस्टेरॉल घेतो, बॅक्टेरियात ही दुर्मीळ गोष्ट. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, म्हणून सेल कल्चरवाले ०.१ वापरतात. डायनोकॉकस जांभळा रंगतो आणि तरी त्याला आउटर मेंब्रेन आहे. स्फिंगोमोनास गुलाबी, पण एलपीएसच्या जागी ग्लायकोस्फिंगोलिपिड. व्हायलोनेला बॅसिलसच्या दूरच्या कुळातला असून आउटर मेंब्रेन बाळगून आहे.

फार्मात हे का लागतं

पाण्याच्या सिस्टीममध्ये वाढणारे बहुतेक ग्रॅम निगेटिव्ह, स्यूडोमोनास, राल्स्टोनिया, बर्कहोल्डेरिया वगैरे. ऑटोक्लेव्हने ते मरतात, पण लिपिड ए तसंच राहतं आणि ते इंजेक्शनमधून रक्तात गेलं की ताप, बीपी पडणं, सगळं. या एलपीएसलाच एंडोटॉक्सिन म्हणतात. म्हणून स्टेरिलिटी पास झालेलं पाणी एंडोटॉक्सिनमध्ये फेल होऊ शकतं आणि नवीन माणूस म्हणतो असं कसं होईल. वॉटर फॉर इंजेक्शनची मर्यादा ०.२५ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मिली. काचेवरचं एंडोटॉक्सिन घालवायला १२१ अंश पुरत नाहीत, कोरडी उष्णता लागते, २५० अंश, ३० मिनिटं. तपासायची एलएएल टेस्ट हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींपासून बनते, आता त्यातलं फॅक्टर सी रिकॉम्बिनंट पद्धतीनेही मिळतं. ही टेस्ट ग्रॅम पॉझिटिव्हचं लिपोटायकोइक अॅसिड शोधायला नाही, त्यानेही ताप येऊ शकतो, त्यासाठी मोनोसाइट अॅक्टिव्हेशन टेस्ट वेगळी असते.

रिझल्ट लिहिताना "ग्रॅम निगेटिव्ह आढळला" एवढंच न लिहिता कल्चरचं वय, तापमान, कंट्रोल कसे आले आणि कुठली टेस्ट कशाशी जुळली नाही तेही लिहा. उरलेलं क्लोरोफॉर्म सिंकमध्ये ओतायचं नाही, हॅलोजनवाल्या सॉल्व्हंटची वेगळी काचेची बाटली, झाकण बंद, लेबल लावून हूडखाली, भरली की सेफ्टीवाल्यांना कळवायचं, ती तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जाते.